प्रेमदासची नाडी

हिंगणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर घनश्याम त्या दुपारी सायकलवरून जंगलाकडल्या वस्तीवर निघाला, तेव्हा पिशवीत नेहमीचंच सामान होतं. हिवतापाच्या क्विनाइनच्या गोळ्या, जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन, आणि जीव बुडू लागला तर टोचायचं कोरामिन. आश्विनात त्या बाजूला घरोघर हिवताप पसरला होता.

भागाबाईच्या झोपडीत धूर आणि ओल्या घोंगडीचा वास कोंडला होता. तिचा एकुलता एक लेक प्रेमदास खाटेवर पडला होता. घनश्यामनं त्याचं मनगट धरलं, मग छातीला कान लावला. काहीच नाही...

"बाई, उशीर झाला."

"सुई तं देऊन पाहा, बापू. पाया पडतो मी तुमच्या."

मेलेल्याला औषध चढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या माउलीकडे बघवेना. त्यानं सुई टोचली.

प्रेमदासनं डोळे उघडले.

"माय... भूक लागली."

भागाबाई रडत-हसत चुलीकडे धावली. घनश्यामनं पुन्हा नाडी पाहिली. बोटांखाली शांत. प्रेमदास भाकर खात होता, घास गिळत होता. पण श्वास घेत नव्हता. फक्त बोलायच्या वेळी त्याची छाती फुगायची.

माय पाठमोरी झाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "काऊन उठवलं मले?... थंडी तं तशीच आहे."

घनश्याम गोळ्या तिथंच ठेवून निघाला. वस्ती मागे पडेपर्यंत त्यानं वळून पाहिलं नाही.

दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भर उन्हात तो परत आला. प्रेमदास कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. भागाबाई चूल फुंकत होती.

"कसा आहे?" घनश्यामनं दारातूनच विचारलं.

"बरा आहे. रातच्याला मले बिलगून निजते, आंग गरम करून घेते. मलेच आता हिव भरून राह्यलं, बापू... पाहा जरा."

तिनं हात पुढे केला. तो माठासारखा गार होता. घनश्यामनं नाडी शोधली. दुसऱ्या हाताची शोधली. कुठंच लागली नाही. या बाईला त्यानं सुई दिलीच नव्हती.

तो तसाच मागे सरकत अंगणात आला. तिथं शेजारची रुखमा लेकराला कडेवर घेऊन उभी होती.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "याले बी पाहा ना. कालपासून रडलंच नाई..."

लेकरू घनश्यामकडे टक लावून हसत होतं. त्याच्या उघड्या बुबुळावर एक माशी निवांत बसली होती.