उजव्या खांद्याचा टाका

वेंडेलिन क्राप्फ ओटिलीबाईंकडे पोचला तो दुपारच्या कॉफीच्या वेळेला. जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातलं गाव, मे महिना, अंगणात सफरचंद फुललेलं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थाला एकच वेड होतं: दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी टपालवाल्यांच्या गणवेशावरची चिन्हं. एकदा नकली खांदेपट्टी मिरवून त्याने संग्राहकांत स्वतःचं हसं करून घेतलं होतं. तेव्हापासून तपासणीचा अतिनील किरणांचा जांभळा दिवा त्याच्या खिशातच असे.

ऐंशी ओलांडलेल्या ओटिलीबाई सोमवारी वृद्धाश्रमात जाणार होत्या, म्हणून त्यांनीच त्याला पत्र पाठवून बोलावलं होतं. थोरल्या भावाचा, अँसेल्मचा, लष्करी कोट त्यांनी टेबलावर ठेवला. अँसेल्म लष्करी टपालात होता आणि चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात पूर्वेकडे बेपत्ता झाला होता. कोट मात्र घरी आला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही.

लिंबासारख्या पिवळ्या काठाच्या खांदेपट्ट्या पाहून वेंडेलिनचा जीव हरखला. त्याने पडदे ओढले, दिवा लावला. कापड काळंच राहिलं. उजव्या पट्टीचा दोरा मात्र निळसर चमकला. चमकतो तो दोरा युद्धानंतरचा, हे कुठलाही संग्राहक सांगेल.

"बाई, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. ही पट्टी मागाहून शिवलीय."

"मीच शिवलीय," ओटिलीबाई केक कापत म्हणाल्या. "गुरुवारी."

"कुठल्या गुरुवारी?"

"परवाच्या. उजवी दरवेळी उसवून आणतो. टपालाची पिशवी त्याच खांद्यावर असते ना..."

वेंडेलिन हसला. म्हातारपण, दुसरं काय! कोट सरळ करायला त्याने खांद्यावर हात ठेवला आणि त्याचं हसू जागीच विरलं. खांदा ओला होता. पिशवीच्या पट्ट्याच्या रुंदीएवढं कापड ताजं घासलेलं, आणि आतून ऊबदार.

"आश्रमात परक्याला आत घेत नाहीत," त्या हलकेच म्हणाल्या. "मग त्याने जायचं कुठे? तुम्ही टपालातले. सांभाळून घ्याल..."

"मला कोट नको, बाई."

"अहो, पण मी त्याला तुमचा पत्ता देऊन बसले. पूर्ण घेतला त्याने. मजला, दाराचा क्रमांक, सगळं."

वेंडेलिन उठला. कोट, दिवा, कॉफी सगळं तसंच टाकून तो गाडीत जाऊन बसला. वाटेत त्याने दोनदा मागचं आसन पाहिलं. रिकामं होतं. मी कोट आणलेला नाही, तो तिथेच आहे, असं तो स्वतःला मोठ्याने बजावत राहिला.

त्याच्या इमारतीच्या दारात तळमजल्यावरच्या हेडविगबाई उभ्या होत्या. घरातल्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी वेंडेलिनची एक किल्ली त्यांच्याकडे असे.

"होतात कुठे, क्राप्फसाहेब? टपालवाला येऊन तासभर झाला. पत्र माझ्याकडे देईना, तुमचीच सही हवी म्हणे."

"मग... गेला ना तो?"

"जातोय कसला! काकडला होता बिचारा. वर तुमच्या खोलीत बसवलाय. शेगडीसुद्धा लावून दिली."

वेंडेलिनने जिन्याकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्यांवर बुटांचे ठसे वर गेले होते आणि प्रत्येक ठशात बर्फ होता.