दोन बोटं आत

विश्रामबागेत माझं छोटं गॅरेज आहे. शिकवलं कुणी नाही. व्हिडिओ बघत, बोटं चेचून घेत शिकलो. कॉलेजची पोरं येतात, चाकं बाहेर काढून दे म्हणतात. म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्या मधे एक जाड चकती बसवायची. तिला स्पेसर म्हणतात. चकतीमुळं जुने बोल्ट आखूड पडतात, मग ते ठोकून काढायचे आणि लांब स्टड घालायचे. गाडी रुंद दिसते. बास, एवढंच काम.

नानासो आणि हरणाबाई आले तेव्हा वाटलं पत्ता चुकलेत. जतकडचं धनगर जोडपं. नानांच्या डोक्याला पटका, पण जीप चकचकीत. त्यांनी डिकी उघडली. आत स्पेसर आणि स्टडचं खोकं, वरची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

जीप त्यांच्या पोराची, मल्हारची. कोयनानगरला कामाला होता. पावसात घाटात दरड आली, रस्ता बघायला हा खाली उतरला तेवढ्यात. गाडीवर ओरखडा नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नानांनी हात जोडून सगळं कबूल केलं. बहिणीचं लग्न लावतो, मेंढरं विकत नाही, आईला एकटं टाकत नाही. कावळा लिंबावर बसून राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पोरगं अडकलंय म्हणून नाना तेव्हापासून नीट झोपले नव्हते. आणि आत्ता हे खोकं सापडलं.

"ह्येच ऱ्हायलं हुतं बघ," ते म्हणाले. "आमी लगीन म्हणलो, मेंढरं म्हणलो. चाकं कुणाच्या ध्यानात येत्यात, गड्या?"

चाकं बसली की इथंच भात ठेवायचा. कावळा शिवला की पोरगं सुटलं, असं त्यांचं ठरलं होतं. हरणाबाई फडक्यातला भात मांडीवर धरून बाकावर बसल्या.

चारी चाकांना स्पेसर बसवले, नट आवळले. धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी मारलं होतं. गाडी बाहेर घेतली, भिंतीच्या बरीच अलीकडं थांबवली. उतरून मागं बघितलं.

टायरचा ठसा दुहेरी होता. नक्षीवर नक्षी, हललेल्या फोटोसारखी. चाक डुगडुगतंय वाटलं म्हणून जॅक लावून हलवून बघितलं. गच्च होतं. मागची चाकं आतनं चालली म्हणावं, तर स्पेसर चारीला सारखेच. मग गाडीच्या पुढं आलो.

गाडी थांबली होती. ठसा थांबला नव्हता.

पुढच्या चाकांखालनं निघून तो भिंतीपर्यंत गेला होता. स्वच्छ, ताजा. दोन्हीकडनं दोन बोटं आत. टेप लावली. स्पेसर बसवायच्या आधीचं चाकांचं अंतर.

तोवर नानांनी भिंतीवर भात ठेवला. कावळा लगेच आला. जरासुद्धा थांबला नाही, चोच घातली.

"सुटला," नाना म्हणाले. "सुटला माझा वाघ." ते खालीच बसले आणि पटक्यात तोंड घालून रडले.

हरणाबाईंनी कावळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या वाकून त्या पुढच्या ठशावर तळहात ठेवून होत्या. मग माझ्याजवळ आल्या.

"त्यास्नी सांगू नगंस," त्या हळू म्हणाल्या. "आज झोप लागंल त्यास्नी."

"आणि तुम्ही, मावशी?"

"जुनं बोल्ट दे ते."

दिले. त्यांनी पदरात बांधले. गाठ दातानं आवळली. तोंडावर भीती नव्हती. उशिरा घरी आलेल्या पोराला आई काही विचारत नाही, नुसतं ताट वाढते, तसं काहीतरी होतं.

नानांनी जीप वळवली. निघताना हसून हात केला. हलके दिसत होते. गेटातनं बाहेर पडताना हरणाबाई मागच्या खिडकीतनं बघत होत्या. माझ्याकडं नाही. खाली, जमिनीकडं. मागं राहिलेल्या कोकराला बोलावतात तशी जीभ टाळ्याला लावून टक टक करत होत्या, नानांना ऐकू जाणार नाही इतकी हळू.

माझ्या पायापुढची ओली माती दबली, टायरची नक्षी उमटली. मग तिच्या पुढची, गेटाकडं.