गर्भजलाचा दुसरा नमुना

गर्भजलाची तपासणी चुकते ती बहुधा माणसांच्या हातून. सुई घालताना आईच्या रक्ताचा थेंब मिसळतो आणि आपण बाळ सोडून आईच तपासत बसतो. म्हणून अलेक्झांड्रियातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी आधी ताडून बघते, मगच सही करते.

इन्साफच्या नमुन्यात आईचं रक्त नव्हतं. मुलगा दिसत होता, आणि तिचा पहिला मुलगा हाझिम ज्यानं गेला तोच स्नायूंचा आजार. पण त्या पेशी हाझिमशी तंतोतंत जुळत होत्या. सख्ख्या भावाच्याही इतक्या जुळत नाहीत.

हाझिमचं जुनं रक्त आमच्याकडेच होतं. कुणीतरी सरमिसळ केली असणार. मी सगळ्यांना झाडलं, त्याच्या कुप्या जाळायला पाठवल्या आणि दुसऱ्यांदा पाणी काढताना स्वतः उभी राहिले.

पुन्हा हाझिमच.

"डॉक्टरीणबाई, एकदाचं काय ते सांगा," इन्साफची सासू फतहिया म्हणाली. "चार महिने भरले की बाळात जीव येतो. मग पाडायचं नाव काढता येणार नाही."

"नमुना भरवशाचा नाही."

"दोनदा टोचलंत की पोरीला. कॉफीचा कप उलटा करून भविष्य सांगणारी बाई तुमच्यापेक्षा बरी."

इन्साफ हसली नाही. "मुलगा आहे ना?"

"सोनोग्राफीत मुलगी वाटतेय. एकच बाळ आहे."

"मग उजवीकडे कोण हलतंय?"

मी चिडून फाईल मिटली. बाळ ठेवायचं की नाही हे तिला माझ्या सहीवर ठरवायचं होतं, आणि सही करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. तोवर गर्भाचे चार महिने भरून गेले.

मुलगी झाली, ठणठणीत. तिचं रक्त मीच तपासलं. आजाराचा मागमूस नाही, हाझिमशी मेळ नाही. सुटले असं वाटायला हवं होतं. मी मात्र चरफडत राहिले. मग ते पाणी कुणाचं होतं?

सातव्या दिवशी सुबूअला, बाळाच्या बारशासारख्या सोहळ्याला, मला बोलावलं. फतहियानं बाळाला चाळणीत ठेवून हलवलं, कानाशी पितळी खल वाजवला. "आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस," असं तिनं बजावताच बायका हसल्या. इन्साफनं रिवाजाप्रमाणे चाळणी ओलांडली आणि मुलीला उचलून माझ्या मांडीवर दिलं.

मग ती रिकामी चाळणी पुन्हा ओलांडू लागली.

"झालं की गं," मी म्हटलं.

"त्याचं राहिलंय."

कुणीच हसलं नाही.

फतहिया चाळणी उचलायला वाकली. एका हातानं ती उचलेना. तेव्हा तिनं दुसरा हात चाळणीत घातला, तान्ह्या बाळाची मान सावरायला घालतात तसा.