कूस

आज लक्ष्मीपूजन. सांगलीतल्या आमच्या हॉस्पिटलातल्या निम्म्या सिस्टर सुट्टीवर, आणि अर्धांगाच्या वॉर्डात मी एकटी. परवापर्यंत मी बाळंतिणी सांभाळत होते. "भार्गवी, शिकलेलीच आहेस तू, जमेल," म्हणून मेट्रन मोकळ्या झाल्या. सकाळची ड्युटी केली, वर दुपारचीही माझ्याच गळ्यात. हात शिकलेले असतात हो, पण थकल्यावर त्यांना काही आठवत नाही.

सगळ्यात अवघड म्हसवडचे तात्याबा. अर्धं अंग गेलेलं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखम होणार, आणि साखर अशी वाढलेली की ती जखम त्यांना घेऊनच जाणार. सलाइनं बदलता बदलता त्यांची वेळ टळून गेली. आठवलं तशी मी धावले.

तात्याबा डाव्या कुशीवर शांत होते. गुडघ्यांमध्ये उशी, टाचेखाली कापडाची गुंडाळी, पाठीला स्पिरिट आणि पावडरचा वास. इतकं नेटकं मला ताज्या दमातही जमलं नसतं.

"कुणी केलं हे?"

"तुमच्यातलीच की," त्यांच्या बायको, बनुबाई म्हणाल्या. "बोलली न्हाई. आपलं तळहात चोळून ऊन केलं, मग ह्यास्नी हात लावला."

"मावशी, आज माझ्याशिवाय कुणी नाहीये."

बनुबाईंनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला. "त्या पलीकडच्या म्हातारीचंबी तिनंच केलं... माज्याकडं बगितलं न्हाई. ज्याला सोताला हलता येत न्हाई, त्यालाच हात लावती..."

मी घाबरायला हवं होतं. खरं सांगू? मला बरं वाटलं. कुणीतरी हाताखाली आलं होतं. ती बघेल, असं मनाशी म्हणत दिवेलागणीला कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर जरा पाठ टेकली. डोळा लागता लागता जवळच तळहात चोळल्याचा आवाज आला... सावकाश...

आत्ता जाग आली. बाहेर फटाके वाजतायत. मी उताणी झोपले होते, ते पक्कं आठवतंय. आता डाव्या कुशीवर आहे. गुडघ्यांमध्ये उशी आहे, टाचेखाली गुंडाळी. पाठीला स्पिरिटचा गारवा. खाटेचे दोन्ही कठडे कुणीतरी वर केलेत.

बनुबाई लांबूनच बघतायत, जवळ येत नाहीत.

पाय हलवून बघायचा मला अजून धीर झालेला नाही.