नववा आकडा

"आपला आकडा आपणच म्हणायचा. म्हाताऱ्याचा सुनेने नाही," उद्यानाच्या फाटकापाशी वाटाड्याने सकाळीच बजावलं होतं. सुनेने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. तिचं लक्ष फोनकडे. दहा महिन्यांचं बाळ नवऱ्यावर सोपवून ती आली होती, आणि निघताना बाळाच्या अंगात कणकण होती.

यायचं कारण अप्पा, तिचे सासरे. चौतीस वर्षं ते नकाशांच्या छापखान्यात होते. इथलं डोंगरमाथ्याचं तळं त्यांनी हजारो वेळा निळ्या शाईत छापलं होतं. पाहिलं एकदाही नव्हतं. "एकदा बघू दे, माझी निळी शाई खरी होती का," एवढंच त्यांचं मागणं.

नऊ जण, पुढे वाटाड्या, संध्याकाळी परत. दर वळणावर तो हाक द्यायचा आणि रांगेतून आकडे यायचे. शेवटचे अप्पा. त्यांना कमी ऐकू यायचं, वाऱ्यात तर काहीच नाही. पहिल्याच वळणावर "आठ" म्हणून ती थांबली. मागे शांतता. मग तिनेच "नऊ" म्हणून टाकलं.

"माझा आकडा पळवलास होय?" अप्पा हसले. "कान गेलेत गं, जीभ शाबूत आहे."

"असू दे हो अप्पा. तुम्ही पायाखाली बघा."

झाडी संपली. उघडी, निसरडी कातळधार सुरू झाली आणि दरीतून धुकं असं वर आलं, की पुढच्याची पाठही दिसेना. तेवढ्यात फोनला रेंज आली आणि नवऱ्याचा मेसेज आला. 'ताप एकशे एक. औषध कुठंय?' तिने उत्तर लिहिलं. हाक आली. "आठ! नऊ!" मान वर न करता ती म्हणाली. पुढच्या वळणावरही तेच.

"हा चढ संपला की तळं," वाटाड्या म्हणाला. ती हौसेने वळली.

मागे कोणीच नव्हतं.

"नऊ तर आत्ता ऐकला मी," वाटाड्या म्हणाला.

"मी म्हटला."

बाकीच्यांना कपारीत बसवून त्याने दोर उचलला.

गारा सुरू झाल्या. हाका मारून काय उपयोग? ज्याला ऐकूच येत नाही, तो ओ कसा देणार! ती रांगत धारेच्या कडेकडेने खाली बघत राहिली. गुडघे फुटले. धुकं. दगड. पुन्हा धुकं. मग खालून एक घोगरा, तुटका आवाज आला.

"नऊ..."

बारा-एक फूट खाली, कातळाच्या हातभर रुंद टप्प्यावर अप्पा पडले होते. हाक येत असेलच, या भरवशावर ते आपला आकडा म्हणत होते. कधीपासून, कोण जाणे.

वाटाड्या दोराने उतरला. तळं एका चढापलीकडे होतं. कोणी गेलं नाही. सगळ्यांनी आळीपाळीने अप्पांना खाली आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, डोंगर त्यांना कायमचा संपला. बाळाचा ताप दुपारीच उतरला होता.

फाटकावरच्या वहीत, परतल्याच्या सहीपुढे, शेऱ्याची जागा असते. तिथे तिने लिहिलं:

'वाचणाऱ्याला विनंती. तुमच्या मागे शेवटी कोण चालतंय, ते वही मिटायच्या आधी वळून बघा. उत्तर त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबा.'