वाफेतून परतलेले

गाडी निघाल्यापासून सासऱ्यांच्या जिभेचा पट्टा चालू होता. आधी मुलाचं गाडी चालवणं, मग खिडकीतलं ऊन, मग सुनेने नातीसाठी बरोबर घेतलेली बिस्किटं. सून फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळा पडलेला त्यांचा उजवा पाय रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तीच चोळायची, वाकवायची, आणि रोज ऐकून घ्यायची, "माणसाच्या अंगाला हात कसा लावावा, ते तुला कुणी शिकवलंच नाही." नवरा अशा वेळी मोबाइलमध्ये तोंड खुपसायचा. आज गाडी चालवायची म्हणून नुसताच घसा खाकरत होता.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर वनरक्षकाने बजावलं, "कुंडाजवळ फळ्यांची वाट सोडू नका. जमीन घट्ट दिसते, पण वर नुसता पापुद्रा आहे. खाली उकळतं पाणी."

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" सासरे म्हणाले.

गरम पाण्याचं कुंड इतकं निळं होतं, की बघताना डोळे चुरचुरत. काठावर पिवळी-तांबडी साय धरलेली. गंधकाचा वास जिभेवर येऊन बसला. दुपार असूनही आसपास दुसरं कुणी नव्हतं. सासरे काठी आपटत, पाय फरफटत पुढे गेले. ती मुलीचं बोट धरून मागे. नवरा फोटो काढत त्यांच्याही मागे.

वारा फिरला आणि वाफेचा लोट फळ्यांवर आला. तिला स्वतःचे हात दिसेनात. तिने मुलीला पोटाशी ओढून घेतलं. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. एकदाच, जड.

वाफ विरली. सासरे समोर उभे होते. काठी नव्हती.

"दमलीस का गं?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं. मग नातीचा हात धरून ते गाडीकडे चालू लागले. आधी टाच, मग चवडा. गुडघा सुरेख वाकत होता. घोटा उचलला जात होता. लुळा पाय असा वाफेच्या एका झुळकीने जिवंत होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तेवढ्यात मागून, कुंडाकडून, ओळखीचा आवाज आला.

"सूनबाई! अगं ए बिनडोक! हात दे!"

मुलगी थबकली. "आई, आजोबा तर इथेच आहेत. मग तिकडे कोण ओरडतंय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही ऐकलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याने मोबाइल खिशात टाकला.

"चला," तो म्हणाला. "उशीर होतोय."

पुन्हा आवाज. आता त्यात शिवी नव्हती.

"पोरी... अगं, पाय जळतोय गं. उजवा पाय."

त्या पायात संवेदना यावी म्हणून ती वर्षानुवर्षं टाचणी टोचून विचारत आली होती, "बाबा, कळतंय का काही?" आणि ते दरवेळी तोंड फिरवून घ्यायचे.

आता कळत होतं.

ती उभी राहिली. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिने तिला पुढे वळवलं.

"पाणी उकळलं की असे आवाज येतात," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर सासरे मागच्या सीटवर नातीजवळ बसले. किती छान रस्ता, किती गुणी सून, असं काहीबाही बोलत राहिले. नवरा हसून हो ला हो करत होता. मागे वळून मात्र दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी विश्रामगृहात मुलीचे हात धुताना तिला दिसलं. कोवळ्या तळव्यावर चार बोटांच्या आकाराचे टपोरे फोड आले होते.

"हे कधी भाजलं?"

"आजोबांनी हात धरला ना, तेव्हा."

"मग ओरडली का नाहीस?"

मुलीने शांतपणे हात पुसला.

"आजोबा म्हणाले, सुरुवातीलाच दुखतं."