जाळी न काढता

“मोटारसायकल तुमची?”

सोमाटणे फाट्यावरच्या त्या दुकानात पाऊल ठेवताच हा प्रश्न आला. विचारणारा कुणाच्या तरी गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता. वर बघायची तसदीही त्याने घेतली नव्हती.

“चालवत आणलीय,” मी म्हणाले. “डोक्यावर घेऊन नाही आले.”

आता त्याने वर पाहिलं. गालावर ग्रीसचा ओरखडा, आणि डोळ्यांत आवरलेलं हसू. शनिवार होता. लोणावळ्याकडे निघालेली चार-पाच मुलं हेल्मेटं काखेत धरून खोळंबली होती. तरी तो हात पुसत उठला.

“मी संदेश. बोला.”

“छोटी बॅग बसवायचीय. तीन-चार पुस्तकं मावतील एवढी.”

“पुस्तकं…” तो किंचित थबकला. मग फळीवरून एक बॅग काढून त्याने टाकीवर ठेवली. खालच्या चुंबकांनी ती चटकन चिकटली. “ही घ्या. दोन सेकंदांचं काम.”

मी हँडल पूर्ण वळवलं. ते बॅगेच्या कडेला जाऊन टेकलं.

“नको. हँडलच्या जवळ काहीच नको.”

“मग मागच्या सीटवर बांधू.”

“मागची सीट मोकळी हवी.”

“का? कोण बसणार?”

“हे बॅगेसाठी विचारताय, की—”

“वजनासाठी,” तो गंभीरपणे म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

ती सीट माझी होती. अण्णा गेल्यापासून गाडी मीच चालवत होते आणि मागे कुणी नव्हतं, एवढंच.

“मग राहिली बाजू,” तो खाली बसत म्हणाला. “उजवीकडे सायलेन्सर, बॅग भाजून निघेल. डावीकडे हे साडी गार्ड. ही जाळी काढली की पाच मिनिटांत बसते.” त्याने पाना लावलासुद्धा.

“जाळी काढायची नाही.”

पाना तिथेच थांबला.

ती जाळी अण्णांनी आईसाठी बसवून घेतली होती. नंतर कॉलेजला जाताना माझी ओढणी त्या जाळीनेच चाकापासून वाचवली. पण हे सगळं त्याला कशाला सांगायचं? तो मात्र जाळीकडे बघत राहिला. मग टाकीवरच्या पोच्याकडे. मग नव्या हँडलकडे.

“गाडी… कुणाची?”

“अण्णांची. माझे वडील. घोरावाडी स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. नोव्हेंबरमध्ये गेले.”

तो उठला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. “गाडी ठेवून जा. उद्या सकाळी न्या.”

“पाच मिनिटांचं काम होतं ना?”

“जाळी न काढता… नाही.”

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. मी चिडून घरी आले. चिडले, कारण ते हसू मला आवडलं होतं, आणि तीन महिन्यांत काही आवडल्याची ती पहिली वेळ होती.

रविवारी सकाळी बॅग बसलेली होती. एक लोखंडी पट्टी वाकवून, जाळीच्या वरून बाहेर आणून त्याने तिला बॅग अडकवली होती. जाळीला चरा पडू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचं रबर.

“पुस्तकं भरा,” तो म्हणाला. “रिकामी तपासून उपयोग नाही.”

मी चार पुस्तकं भरली. बक्कल लावताना आमचे हात एकाच वेळी पुढे झाले… आणि कुणीच घाईने मागे घेतला नाही.

“सुरेख झालंय. किती वेळ लागला?”

“एक तास.” त्याने बक्कल पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाला, “तेच सांगायचंय. तुमचे अण्णा इथे आले होते. अशाच एका शनिवारी. हँडलला कापडी पिशवी, तीत पुस्तकं. मी म्हणालो, जाळी काढावी लागेल. ते म्हणाले, जाळी काढायची नाही, लेक बसते. पट्टी वाकवून जमलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुकानात गर्दी होती. म्हटलं, काका, पुढच्या रविवारी या. ते हसले, पिशवी परत हँडलला अडकवली आणि गेले.”

फाट्यावरून एक ट्रक गेला. तो गेल्यावर संदेश पुढे बोलला.

“दुसऱ्या दिवशी कळलं… परंदवडीच्या पुढच्या वळणावर पिशवी हँडल आणि टाकीच्या मध्ये अडकली. हँडल वळलंच नाही.”

“एक तास?” मी विचारलं. “एका तासाचं काम होतं?”

“हो.”

“बाजूला व्हा.”

तो झाला. मी किक मारली. “गाडी डावीकडे थोडी ओढेल,” तो मागून म्हणाला. “वळणाच्या आधीच वेग कमी करा. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण हे लक्षात ठेवा.”

परंदवडी मागे पडली. गुलाबांची पॉलिहाऊसं उन्हात चमकत होती. समोर ते वळण दिसलं. मी गाडी कडेला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. तिकोणा पेठेचे गेणूआबा. अण्णांनी त्यांना साठी उलटल्यावर वाचायला शिकवलं होतं. दर रविवारी अण्णा त्यांच्याकडेच पुस्तकं घेऊन जायचे.

“पोरी, निगालीस का न्हाई? तुज्या बापानं दिल्यालं पुस्तक तीनदा वाचून झालं. आता पाठ हुईल.”

“आबा, मी… वाटेत आहे.”

“आवाज का असा? जमत नसंल तर पुडच्या रविवारी ये. मी कुटं जातोय?”

फोन बंद झाला तरी मी तो कानालाच धरून होते.

पुढच्या रविवारी. दोन वर्षं अण्णा मला म्हणत होते, ज्योत्स्ना, एक बॅग घेऊ, तू चल बरोबर, तुला चांगलं निवडता येतं. आणि दर वेळी मी, पुण्याच्या नोकरीने दमलेली, पुस्तकात डोकं घालून म्हणायचे, पुढच्या रविवारी, अण्णा. शेवटी ते एकटेच दुकानात गेले.

मी गाडी वळवली.

संदेश पायरीवर बसला होता. हातात पाना, काम काहीच नाही. गिऱ्हाइकं ताटकळत होती. मला बघून तो झटकन उठला.

“बॅग हलली?”

“नाही. वळणापर्यंतच गेले… पुढे जाता येईना.”

मी त्याला माझे रविवार सांगितले.

“माफ केलं असं समजू नका,” मी म्हणाले. “राग आहे अजून. तुमच्यावर आहे, माझ्यावरही आहे.”

“असू द्या.”

“काल विचारत होतात ना, मागे कोण बसणार?”

“ते… वजनासाठी.”

“खोटं.”

त्याने मान खाली घातली. “हो. खोटं. तुम्ही ‘डोक्यावर घेऊन नाही आले’ म्हणालात, तेव्हापासूनच…” वाक्य तिथेच राहिलं. मग घाईघाईने, “पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवतो. नक्की येतो—”

“पुढच्या रविवारी नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग थांबलेल्या मुलांकडे. “मित्रांनो, दुपारी या,” तो म्हणाला आणि शटर ओढलं.

“अरे दादा, आमची गाडी!” कुणीतरी ओरडलं. दुसऱ्याने शिट्टी मारली. हेल्मेट चढवून तो अवघडून मागे बसला. माझ्यापासून वीतभर लांब, दोन्ही हात मागच्या कॅरियरला.

वळणाच्या आधीच मी वेग कमी केला. गाडी डावीकडे ओढत होती, तो म्हणाला होता तशीच. हँडल वळलं… आणि सरळ झालं.

“गेलं वळण,” तो हळूच म्हणाला.

त्याची दोन बोटं माझ्या खांद्यावर कधी आली, कळलं नाही. तिकोणा पेठ येईपर्यंत मी ती काढायला सांगितली नाहीत.